बालवाडी ते पाचवी : मराठी दूरचित्रवाणीला न दिसलेला प्रेक्षक
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी, बालप्रेक्षक, वयोगट, बालचित्रवाणी, कौटुंबिक मालिका, ग्रामीण कुटुंब

प्रस्तावना

दूरचित्रवाणी आणि मूल या विषयावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा भर प्रामुख्याने दोन प्रश्नांवर राहिला आहे. मूल पडद्यासमोर किती वेळ बसते, हा एक; आणि पडद्यावरील हिंसा त्याला बिघडवते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या चर्चेत 'मुले' हा शब्द ज्या सैलपणे वापरला जातो, तो सैलपणाच मुळात तपासून पाहण्याजोगा आहे. चार वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा यांच्या पुस्तकांत, कपड्यांत, खेळांत आपण फरक करतो. जत्रेतल्या पाळण्यात बसवतानाही करतो. दूरचित्रवाणीपुरता मात्र हा फरक आपल्याला आवश्यक वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो बालवाडी सुटल्यापासून पाचवीत प्रवेश होईपर्यंतचा, म्हणजे साधारणतः साडेपाच ते दहा वर्षांचा प्रेक्षक. या वयाच्या मुलाला साजेसा कार्यक्रम मराठीत शोधू गेल्यास काय हाती लागते, आणि जे हाती लागते ते या वयासाठी लिहिलेले असते काय, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. या वयोगटासाठी मुद्दाम संहिता लिहिण्याची शिस्त मराठीत एकेकाळी होती आणि ती आपण गमावली, असे माझे मत आहे. ते पुढे मांडले आहे.

लेखक दौंड येथे राहतो आणि शिरूर येथे अध्यापन करतो. चौफुला-न्हावरा मार्गावरील रोजच्या प्रवासात, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या घरी, नात्यागोत्यात जी संभाषणे झाली त्यांचा आधार येथे घेतला आहे. ही शास्त्रीय पाहणी नव्हे. म्हणून टक्केवारी दिलेली नाही.

घर आणि संध्याकाळ

कार्यक्रमाची योग्यता ठरवताना तो कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या वेळी पाहिला जातो, हे वगळून चालत नाही. शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके, मध्ये भीमा. दोन्हींकडे ऊस, दोन्हींकडे औद्योगिक वसाहत. शिरूरला रांजणगाव, दौंडला कुरकुंभ. दौंड शहरात रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस बलाचे गट असल्याने पाळीने काम करणाऱ्या माणसांची घरे मोठ्या संख्येने आहेत.

रांजणगाव, कारेगाव, शिक्रापूर या पट्ट्यात कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या पाहिल्या म्हणजे 'मुलांनी काय पाहावे' या प्रश्नाचे स्वरूपच बदलते. खोली एक. तिच्यातच ओटा, पलंग, देव्हारा आणि दूरचित्रवाणी संच. वडील रात्रपाळीहून आले की सकाळी संच बंद. आई स्वयंपाक उरकून बसली की संध्याकाळी मालिका सुरू. मुलाला झोपायला पाठवावे अशी दुसरी खोली नाही. आई-वडील जे पाहतील ते मूल पाहते, निदान ऐकते. प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवावेत, असा जो संकेत वाहिन्यांनी स्वनियमनात स्वीकारला आहे, त्यात मुलाची खोली वेगळी आणि झोपेची वेळ ठरलेली असल्याचे गृहीत आहे. येथे ते दोन्ही नसते.

शिरूरच्या उत्तर भागात याहून वेगळे कारण आहे. घोड नदीच्या काठची गावे बागायती, उसाने वेढलेली. उसात बिबट्या राहतो, तेथेच वितो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांचे जीव गेले, आणि त्यानंतर दिवस मावळायच्या आत मूल घरात घेणे हा वस्तीवस्तीवरचा नियम झाला. एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, "सर, आता टीव्ही बंद कर कसं म्हणायचं? बाहेर जा असं म्हणता येत नाही." मुलांनी मैदानावर खेळावे, हा शहरी व्याख्यानांतला उपदेश या माउलीपुढे करण्याचे धैर्य मला झाले नाही. जेथे संच हाच अंगणाचा पर्याय झाला आहे, तेथे त्यावर काय दिसते हा प्रश्न चैनीचा राहत नाही.

आता हातात मोबाइल आला आहे, मग दूरचित्रवाणीची चर्चा कशाला, असा आक्षेप येईल. परंतु ज्या घरांविषयी मी लिहितो आहे तेथे मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. घरात उरतो तो संच.

'चार ते चौदा'

मुलांसाठीच्या वाहिन्या आहेतच की, असे पालक म्हणतात. खरेच आहेत. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आले. निकलोडियन १९९९ मध्ये. पोगो, हंगामा आणि डिस्ने या तिन्ही वाहिन्या २००४ या एकाच वर्षी सुरू झाल्या. या वाहिन्यांच्या प्रेक्षकमापनात मात्र दीर्घकाळ एकच गट धरला गेला : चार ते चौदा. २०१५ पासून मापनाचे काम नव्या यंत्रणेकडे गेल्यावर तो दोन ते चौदा झाला, म्हणजे आणखीच पसरट. जाहिरातदाराला विकला जातो तो हा आकडा. जो कार्यक्रम चार वर्षांच्या मुलालाही धरून ठेवील आणि चौदाव्या वर्षीही सोडवणार नाही, तोच या हिशेबात उत्तम. अशा कार्यक्रमात गती लागते, आदळआपट लागते आणि प्रत्येक भाग पूर्वपदावर येऊन संपावा लागतो. सात वर्षांच्या मुलाची म्हणून जी खास भूक असते, ती या सरासरीत कोठेच मोजली जात नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हंगामा वाहिनीवर शेजारी शेजारी दाखवल्या गेलेल्या दोन जपानी मालिकांत सापडते. 'डोरेमॉन' आणि 'शिनचान'. आपल्याकडील पालकांच्या दृष्टीने दोन्ही 'जपानी कार्टून'. त्यांचा उगम पाहिला तर मात्र त्या एकमेकींपासून फार दूरच्या आहेत. फुजिको एफ. फुजिओ यांचा डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस प्रथम छापला गेला तो एकाच वेळी सहा मासिकांतून. आणि ही मासिके इयत्तावार होती. शिशुगटासाठी एक, बालवाडीसाठी एक, पहिली ते चौथीसाठी प्रत्येकी एक. प्रत्येक मासिकासाठी फुजिओ वेगळी गोष्ट काढत. पहिलीच्या मुलाची अडचण आणि चौथीच्या मुलाची अडचण एक नसते, हे जाणणाऱ्या लेखकाची ती निर्मिती होती. याउलट योशितो उसुई यांचा शिनचान १९९० मध्ये सुरू झाला तो प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात. नायक पाच वर्षांचा, वाचक तिशीचा. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून मोठ्यांच्या जगाची टर उडवणे हा तेथील विनोदाचा गाभा. भारतात २००६ मध्ये ही मालिका आली, २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यावर बंदी घातली आणि पुढील वर्षी काटछाट होऊन ती परत आली.

त्या वेळी झालेल्या चर्चेत शिनचानच्या उद्धटपणावर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते मूळ चूक उद्धटपणाची नव्हती. नायकाचे वय हेच प्रेक्षकाचे वय मानण्याची होती. प्रौढांसाठीचा उपहास उपहास म्हणून कळण्यासाठी जे अंतर लागते ते सहा वर्षांच्या मुलापाशी नसते. त्याला तो आदर्श वाटतो. कात्री लावून हे बदलत नाही. आणि डोरेमॉनच्या बाबतीत उलट अन्याय झाला : इयत्तावार लिहिलेल्या गोष्टींची परंपरा ज्या पात्रामागे होती, ते पात्र आपल्याकडे 'चार ते चौदा'च्या एकाच पोत्यात भरले गेले.

देशी मालिकांचीही दखल घ्यावी लागेल. 'छोटा भीम' २००८ पासून पोगोवर आणि 'मोटू पतलू' २०१२ पासून निकवर दिसू लागले. भारतीय गाव, भारतीय नावे, लाडू आणि समोसे पडद्यावर आले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु कथनाच्या अंगाने पाहता ढोलकपूरवर संकट, भीमाच्या पोटात लाडू, मारामारी आणि विजय या चक्राबाहेर ही गोष्ट क्वचितच जाते. पुनरावृत्ती लहान मुलांना आवडते, हे खरे; आपल्या लोककथांतही ती आहे. तेथे मात्र प्रत्येक फेऱ्यात काहीतरी वाढते. म्हातारीला आधी कोल्हा भेटतो, मग वाघ, आणि शेवटी भोपळ्यात बसण्याची युक्ती ती स्वतः काढते. ताकद कोठून तरी खाल्ली आणि काम झाले, यात युक्तीला जागा नाही. सात-आठ वर्षांचे मूल नेमके याच सुमारास 'का' आणि 'मग कसे' हे विचारू लागलेले असते.

भाषेचा मुद्दा येथे वेगळा काढून लांबवत नाही. दाक्षिणात्य भाषांत मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या २००७ पासून येत गेल्या. तमिळमध्ये 'चुट्टी', मग तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठीत तसे पुष्कळ उशिरा झाले. २०२१ मध्ये 'ईटीव्ही बाल भारत' अन्य भाषांबरोबर मराठीतही आली; काही हिंदी वाहिन्यांनी मराठी ध्वनीची सोय केली. हे सारे बव्हंशी भाषांतर आहे. कारेगावातली मराठी मुले खेळताना भांडतात ती हिंदीत, आणि ती हिंदी शेजारच्या बिहारी कुटुंबाची नसते, कार्टूनची असते. पूर्वी मला याचे वाईट वाटे. आता वाटते की मूल ज्या भाषेत गोष्ट मिळते त्या भाषेत खेळते. दोष त्याच्याकडे नाही.

कुटुंबाची मालिका

मुलांच्या वाहिनीपेक्षाही ज्या कार्यक्रमाचा या वयोगटावर अधिक ताबा आहे, तो म्हणजे रात्रीची कौटुंबिक मालिका. तिच्यात अश्लील काही नसते, रक्तपातही बेताचाच. म्हणून ती 'चालते'. परंतु योग्यता ही केवळ वाईटाच्या अभावाने सिद्ध होत नाही.

डब्ल्यू. अँड्र्यू कॉलिन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९७३ मधील एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्याने तिसरी, सहावी आणि दहावीच्या मुलांना एक हिंसक कथा दाखवली. काहींना हेतू, कृत्य आणि शिक्षा सलग दाखवली. काहींना या तिन्हींच्या मध्ये जाहिराती घालून दाखवली. तिसरीतील मुलांच्या बाबतीत जाहिरातींनी दुवा तुटला. वाईट हेतू आणि नंतरची शिक्षा यांच्याशी कृत्याचा संबंध न जोडला गेल्याने त्यांचा कल आक्रमक उत्तरांकडे अधिक झुकला. मोठ्या मुलांवर असा परिणाम दिसला नाही. तेथे अंतर काही मिनिटांचे होते. आपल्या मालिकेत सासूच्या औषधात काहीतरी कालवणारी स्त्री पकडली जाते ती दोन-तीनशे भागांनंतर, आणि मध्यंतरी तिचीच साडी, तिचेच दागिने, तिचाच रुबाब. सज्ञान प्रेक्षक हा हिशेब उधार ठेवू शकतो. पहिलीतल्या मुलीला तो ठेवता येत नाही. पियाजे ज्याला मूर्त क्रियात्मक अवस्था म्हणतो, ती सातव्या वर्षाच्या आसपास कोठे सुरू होत असते. तोवर समोर दिसते तेच खरे. तिच्यापुरती ती स्त्री दोनशे दिवस जिंकतच असते.

ऐतिहासिक मालिकांचा विचार याच संदर्भात, पण अधिक सावधपणे करावा लागतो. झी मराठीवरील 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका २०१७ ते २०२० या काळात चालली. शिरूर तालुक्याला हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. वढू बुद्रुक याच तालुक्यात आहे आणि तुळापूरचा संगम फार लांब नाही. मालिका लागली की आळीत शुकशुकाट होई. माझा भाचा त्या वेळी घोडनदीत बालवाडीतून पहिलीत जात होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मालिकेचे नायक डॉ. अमोल कोल्हे शिरूर मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. प्रचाराच्या गाडीवरील फलक पाहून या मुलाने घरी येऊन विचारले, "महाराजांना आपण मत द्यायचं का?" सारे हसले. पण त्याचा प्रश्न हसण्याचा नव्हता. नट आणि भूमिका यांतील भेद त्याच्या वयाला अजून पुरता उमगलेला नव्हता, आणि तो उमगलेला नसताना ती मालिका शेवटाकडे चालली होती. वढूला तो गेलेला होता, समाधीवर त्याने डोके टेकले होते. पडद्यावरील मृत्यू त्याच्या दृष्टीने नाटकातला नव्हता, तीनशे वर्षांपूर्वीचाही नव्हता; तो उद्या होणार होता.

या मालिकेच्या गुणवत्तेविषयी येथे काही म्हणायचे नाही. इतिहास मुलांपासून लपवावा असेही म्हणायचे नाही. वढूच्या परिसरात ते शक्यही नाही. प्रश्न एवढाच, की सहा वर्षांच्या मुलासाठी तो कोणी सांगितला काय? याच विषयावरील 'छावा' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला सोळा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन आवश्यक, अशा अर्थाचे प्रमाणपत्र होते. चित्रपट कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा अशा तीन पायऱ्या आल्या आहेत. आंतरजालावरील मालिकांना २०२१ च्या नियमांनी याच पायऱ्या लागू केल्या. दूरचित्रवाणीला मात्र अशी पायरी नाही. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ मधील कार्यक्रम संहिता एवढेच सांगते की, मुले मोठ्या संख्येने पाहत असतील अशा वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. कोणती मुले, हे ती सांगत नाही. एकाच घरात, एकाच भिंतीवरच्या पडद्यावर, तीच कथा एका वाटेने आली तर तिच्यावर वय लिहिलेले असते आणि दुसऱ्या वाटेने आली तर नसते. नियमांतील ही विसंगती कोणाला खटकलेली दिसत नाही.

अर्थात वयाचा शिक्का मारला म्हणजे काम झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिक्का काय टाळावे ते सांगतो. काय द्यावे, हे कोणीतरी लिहावे लागते.

गोट्या, बोक्या आणि त्यांच्यापेक्षा लहान

मराठीत मुलांसाठी चांगले काही झालेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि 'किलबिल'सारखा कार्यक्रम त्याने दीर्घकाळ चालवला. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' मालिकारूपाने आला आणि आजही चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापक मित्रांचे डोळे त्या नावाने चमकतात. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आकाशवाणीवर जन्मला, पुस्तकात गेला आणि २००९ मध्ये चित्रपटात. अल्फा मराठीवर 'दे धमाल' होती.

या कलाकृतींकडे वयाच्या चष्म्यातून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे नायक घराबाहेर एकटे वावरू शकणारे आहेत. त्यांचा खोडकरपणा, त्यांची नीती, त्यांचे मोठ्यांशी होणारे खटके हे दहा वर्षांच्या पुढचे आहे. मराठी बालमालिकेला मुलगा सापडतो तो तो सायकल चालवू लागल्यावर. त्याच्या आधीचे वय गाण्यांच्या, बडबडगीतांच्या वाट्याला गेले. आणि मधल्या वर्षांत, जेव्हा बडबडगीत 'लहान मुलांचे' म्हणून नकोसे झालेले असते आणि बोक्याचे टोमणे अजून डोक्यावरून जात असतात, तेव्हा मुलाला काही नाही.

हे वय कठीण आहे खरे. इतर देशांतही लेखकांना ते सहज साधलेले नाही. 'सेसमी स्ट्रीट' १९६९ मध्ये सुरू झाली ती शाळापूर्व मुलांसाठी. वाचायला शिकणाऱ्या सात ते दहा वर्षांच्या मुलांना ती पुरेनाशी होते, हे तिच्या निर्मात्यांनीच ओळखले आणि १९७१ मध्ये त्यांच्यासाठी 'द इलेक्ट्रिक कंपनी' हा निराळा कार्यक्रम काढला. जुनाच कार्यक्रम ताणून मोठा केला नाही. आपल्याकडे २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' आली, हिंदीत, शाळापूर्व मुलांसाठी. तिचे धाकटे भावंड आपण आणलेच नाही. खरे तर थोरले म्हणायला हवे.

बालचित्रवाणी

यानंतर जे लिहायचे आहे ते थोडे घरच्या माणसावर लिहिण्यासारखे आहे. राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'बालचित्रवाणी', पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झाली. इन्सॅट उपग्रहाच्या आधारे शाळांसाठी कार्यक्रम तयार करण्याच्या केंद्रीय योजनेचा ती भाग होती. लखनौ, पाटणा, भुवनेश्वर, अहमदाबाद आणि हैदराबाद येथे तिच्या बहिणी होत्या. या योजनेची एक तरतूद कोरडी वाटेल, पण माझ्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. कार्यक्रम दोन वयोगटांसाठी स्वतंत्रपणे लिहायचे होते : पाच ते आठ आणि नऊ ते अकरा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत स्तर तीन ते आठ आणि पूर्वतयारीचा स्तर आठ ते अकरा असा मांडला, तेव्हा महाविद्यालयांतून चर्चासत्रे झाली. मीही एकात निबंध वाचला. आठव्या वर्षापाशी रेघ ओढण्याचा शहाणपणा पुण्यातील एका इमारतीत छत्तीस वर्षे आधी मराठी संहितालेखकांपुढे ठेवलेला होता, याची आठवण त्यात कोणी काढली नाही. मीही नाही.

बालचित्रवाणीचे कार्यक्रम मी शाळकरी वयात पाहिले आहेत, आणि स्मरणरंजनात त्यांचे दोष झाकून टाकण्याचे कारण नाही. त्यांची गती संथ होती. पुष्कळदा त्यात 'गुरुजी' डोकावत. ते शाळेच्या वेळेत लागत आणि शाळेतला संच, निदान आमच्या शाळेतला, कपाटात कुलपात असे. आम्ही ते पाहिले ते तापाने घरी राहिलो त्या दिवशी किंवा सुट्टीत. चकचकीत कार्टूनशी त्यांची तुलना होऊ लागली तेव्हा ते हरले, यात नवल नाही. परंतु त्यांत एक गोष्ट होती जी नंतर कोठेही दिसली नाही. पडद्यावरचा मोठा माणूस बोलताना थांबे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या मुलाने द्यावे म्हणून थांबे. सात वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. 'चार ते चौदा'च्या हिशेबात असे थांबणे म्हणजे हातातला प्रेक्षक दवडणे होय. कोणतीही खासगी वाहिनी ते परवडू देणार नाही. ते परवडते केवळ सार्वजनिक पैशाला.

तो पैसा थांबला. केंद्राचा निधी आटला, राज्याने भार उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तिच्याविषयी त्या वेळी जे बोलले गेले ते मुख्यतः जागेविषयी, कर्मचाऱ्यांविषयी आणि हजारो ध्वनिचित्रफितींच्या जतनाविषयी. ते योग्यच होते. फितींपेक्षा वेगळे जे गेले त्याची नोंद कोठे झाली नाही. मराठीत पाच ते आठ या वयासाठी कसे लिहावे, वाक्य किती लांब असावे, काळात मागे जाताना मुलाचा हात कसा धरावा, पात्रे किती असावीत, हे कामातून शिकलेली माणसे आणि ते शिकवणारे एक ठिकाण गेले. बालसाहित्यावर आपल्याकडे प्रबंध होतात. बालचित्रवाणीच्या संहितांचा वाङ्मयीन अभ्यास मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही. मराठी विभागांनी त्या 'साहित्य' मानल्याच नसाव्यात. एम.फिल.साठी विषय निवडताना मलाही हे सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

टिलीमिली

ही शिस्त पुरती मेलेली नव्हती, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने 'टिलीमिली' ही मालिका तयार केली आणि २० जुलैपासून ती सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, मिळून चारशे ऐंशी. प्रत्येक इयत्तेची वेळ वेगळी. मराठी दूरचित्रवाणीवर एखाद्या कार्यक्रमाने 'मुले' असे न म्हणता 'दुसरी' असे म्हटल्याचे माझ्या पिढीने प्रथमच पाहिले.

टिलीमिलीत धडा शिकवण्यापेक्षा करून पाहण्यावर भर होता. घरातील वाट्या, चमचे, बिया, काड्या, आजीची गोष्ट यांतून पाठ्यपुस्तकाकडे जाण्याची वाट होती. निर्मितीत घाई दिसे, नेपथ्य साधे होते, काही भाग शिकवणीच्या अंगाने घसरत. पण दुसरीच्या भागात दुसरीची भाषा होती. शिरूरच्या वस्त्यांवर जेथे मोबाइलला रेंज नव्हती आणि 'ऑनलाइन' हा शब्द थट्टेचा झाला होता, तेथेही हा कार्यक्रम पोहोचू शकत होता, कारण त्याला संचाखेरीज काही लागत नव्हते. त्याच वर्षी केंद्र शासनाने 'एक इयत्ता, एक वाहिनी' ही कल्पना मांडली, २०२२ च्या अर्थसंकल्पात तिचा विस्तार दोनशे वाहिन्यांपर्यंत जाहीर झाला. इयत्ता त्या कल्पनेलाही कळली आहे. मात्र इयत्ता आणि वय एक नव्हे. अभ्यासक्रम पुरा करून देणारी वाहिनी निराळी आणि अभ्यास झाल्यावर मुलाने आपणहून लावावी अशी मालिका निराळी. टिलीमिली या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी होती, आणि तेच तिचे बलस्थान होते असे मला वाटते.

माझा भाचा तेव्हा दुसरीत होता. आपला भाग संपला तरी तो संचापुढून उठत नसे. पहिलीचाही पाहायचा, आणि पडद्यावरच्या मुलाने उत्तर द्यायच्या आत मोठ्याने देऊन टाकायचा. चौथीचा भाग लागला की मात्र पाच मिनिटांत उठून जायचा. "हे दादांचं आहे," म्हणायचा. सप्टेंबरअखेर साठ भाग संपले. पुढच्या सोमवारी ठरल्या वेळी तो स्वतःच संच लावून बसला होता. त्या जागी दुसरेच काही चालू होते. थोडा वेळ त्याने ते पाहिले, मग रिमोटने निक लावले.